बँडाकडचा माणूस

पेशकारकाका उलटं चालायचे. रोज नव्हे, इमाममास्तरांचा बँड मिरवणुकीत वाजत असला तरच. बँड पुढे येत राहायचा आणि पेशकारकाका त्याच्याकडे तोंड करून, चार हातांचं अंतर राखून, एकेक पाऊल मागे टाकत जायचे. हात पाठीशी बांधलेले, मान किंचित डावीकडे कललेली आणि नजर मास्तरांच्या क्लॅरिनेटवर. गल्लीत दगड असो, गटार असो, कुणाचा बैल बांधलेला असो, ते बरोबर वळसा घालून जात. आठ वर्षांत मी त्यांना एकदाही पडलेलं पाहिलं नाही. एकदा एका म्हशीला त्यांची पाठ टेकली होती. तेव्हा मागे न बघताच ते "माफ करा" म्हणाले आणि बाजूनं निघून गेले.

"तुम्हाला रस्ता दिसतो तरी कसा?" असं मी त्यांना विचारलं होतं.

"वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांत दिसतो, बाई," ते म्हणाले. "मोठ्या ढोलवाल्यानं डोळे मोठे केले की समजायचं, मागं खड्डा आहे."

मी सोलापूरची. मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच सुमाराला तुळजापूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि पेशकारकाकांच्या घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली. ते तहसील कचेरीत होते. पेशकार म्हणजे साहेबासमोर कागद मांडणारा कारकून. निजामाच्या अमलातलं ते पद सरकारनं केव्हाच मोडीत काढलं होतं, त्याला नवं मराठी नावही दिलं होतं. पण गावाच्या तोंडून पेशकार काही सुटला नव्हता. घरात ते आणि काकू दोघंच. मुलगा औरंगाबादला शिकत होता.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. त्यांनी विचारलं, "सोलापूरकडं लग्नात बँड कुणाचा लावतात?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

"मग तुम्ही लग्नाला जाऊन ऐकता काय?"

"मंगलाष्टकं."

ते काकूंकडे वळून म्हणाले, "खोली द्यायची का ह्यांना?" काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "द्या की. बाविशीच्या आहेत, शिकतील अजून."

इमाममास्तरांचा बँड नळदुर्गचा. अकरा माणसं, निळे कोट, त्यातल्या चार कोटांची बटणं वेगवेगळी. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवत. त्यांचा तिशीचा पुतण्या युसूफ शेजारी दुसरं क्लॅरिनेट घेऊन खालचे सूर धरी. जिल्ह्यात याहून मोठे बँड होते, झगमगीत पोशाखांचेही होते. पेशकारकाकांच्या लेखी ते नव्हतेच. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठेही इमाममास्तर वाजवणार असले, की रजा काढून, बस बदलत, शेवटचे दोन-तीन कोस चालत ते तिथे पोहोचत. कुणाचं लग्न आहे, हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊकच नसे. बसचे कंडक्टर त्यांचे बातमीदार होते. सकाळी अंगणात दात घासताना रस्त्यावरून बस जायची आणि कंडक्टर दारातून वाकून ओरडायचा, "पेशकारसाहेब, शुक्रवारी लोहाऱ्याला!" लगेच काकू आतून विचारायच्या, "डबा एक का दोन?" कारण कधी कधी त्या स्वतःही जायच्या.

काकूंना लोक विचारत, तुम्ही हे कसं सहन करता. काकू म्हणत, "दुसरीचा नवरा कुठं जातो ते तिला विचारावं लागतं. माझा कुठं आहे ते मला घरात बसून सांगता येतं. कधी कधी तर ऐकूच येतं."

हे वेड कधी लागलं, ते त्यांनी मला एका रविवारी दुपारी सांगितलं. ते आपली काळी शेरवानी उन्हात घालत होते. निजामाच्या काळात कचेरीत शेरवानी घालावी लागे. नव्या राज्यात ती कुणी घालत नसे. पेशकारकाकांनीही कचेरीसाठी सोडली होती. बँड ऐकायला जाताना मात्र ते ती अंगात चढवत आणि गळ्यापर्यंत बटणं लावत. भर उन्हाळ्यात लोक त्यांना हसत. मी म्हटलं, "उकडत नाही का?"

"उकडतं की. पण साहेबासमोर बावीस वर्षं घातली, ती पोटासाठी. ज्यांच्यासमोर मनानं घालावी, ते हेच."

मग तिथेच पायरीवर बसून ते सांगू लागले. "निजाम गेला त्या साली कचेरीतली उर्दू बंद झाली. मी सगळे फैसले उर्दूत लिहिलेले. नव्या कारकुनांना माझं अक्षर नमुना म्हणून दाखवायचे. अन् एका महिन्यात मी पहिलीतला झालो. मराठी बोलतो आपण घरी, पण ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, ते शिपायाला विचारावं लागायचं. साहेब नवे, ते हसायचे. मी ठरवलं होतं, राजीनामा द्यायचा. तेवढ्यात एका जमिनीच्या कामाला नळदुर्गला धाडलं. दुपारची वेळ. बोरी नदीच्या काठाला चिंचेखाली अकरा माणसं बसून वाजवायलेली. समोर ऐकायला कुणी न्हाय. त्या साली लग्नं कुठं होती? लोक घराबाहेर पडायला भ्यायचे. मी विचारलं, कुणासाठी वाजवायलात? मास्तर म्हणाले, 'कुणासाठी न्हाय. लग्नं परत लागतील. तेव्हा हात मोडलेला नसावा.'"

ते थोडा वेळ शेरवानीच्या बाहीवरून हात फिरवत राहिले.

"संध्याकाळपर्यंत बसलो तिथं. दुसऱ्या दिवशी दुकानातून शाळेच्या पोरांचा मराठी कित्ता आणला. चाळिशीत. काकूला विचारा."

"मीच गिरवून घेतला," काकू आतून म्हणाल्या.

पेशकारकाकांचे ऐकण्याचे नियम होते. बँड वाजत असताना बोलायचं नाही. पान खायचं नाही. गाणं संपल्यावर लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेवटचा सूर आधी पूर्ण विरू द्यायचा. आणि ज्या लग्नाला बँडासाठी गेलो, तिथे जेवायचं नाही. "वाजवणारा दमला तर चालतं," ते मला म्हणत, "ऐकणाऱ्यानं दमायचं न्हाय." पहिल्या वर्षी मला त्यांच्या या गोष्टींचं हसू येई. दुसऱ्या वर्षी काकूंसोबत मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

मी पहिल्यांदा गेले ते भूम तालुक्यातल्या ईटला. बऱ्यापैकी मोठं शेतकरी गाव. वैशाखातलं ऊन, नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला. पेशकारकाका शेरवानीत, बँडासमोर उलटे चालत होते. नवऱ्यामुलाच्या मामांना वाटलं, हे मुलीकडचे कुणी बडे पाहुणे. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे. दोन्हीकडून मान द्यायची घाई झाली. एकानं टॉवेल आणला, दुसऱ्यानं टोपी. शेवटी मुलीच्या चुलत्यांनी अदबीनं विचारलं, "साहेब, तुम्ही नेमके कुणाकडचे म्हणायचे?"

पेशकारकाका म्हणाले, "बँडाकडचा."

हे सगळ्या मांडवात पसरलं. काहींनी खिदळून घेतलं. पंगत बसली तेव्हा आम्ही तिघं लिंबाखाली आपला डबा सोडून बसलो. तेवढ्यात नवरीची आजी काठी टेकत आली. मागे सून, तिच्या हातात तीन पत्रावळी.

"असं उपाशी बसत्यात व्हय कुणी दारात?"

"उपाशी न्हाय, आई. डबा आहे," काका म्हणाले. "आम्हाला आमंत्रण न्हाय. मी बँडासाठी आलो, अन्नासाठी न्हाय. कुणाचा पाव्हणा म्हणून जेवू?"

म्हातारी समोर मातीतच बसली. म्हणाली, "म्या बोलावते. माझा पाव्हणा व्हा. मला बी त्यो बाजा लई आवडला. सारे जेवायला पळाले, तुमी तेवढे उभे होता."

काकांनी डबा बंद केला आणि पत्रावळ पुढे ओढली. त्यांनी नियम मोडलेला मी पाहिला तो तेवढाच. जेवण झाल्यावर म्हातारीला घेऊन ते बँडवाल्यांकडे गेले आणि मास्तरांना म्हणाले, "ह्या आईंसाठी एक पहाडी धून." मास्तर नुकतेच जेवून उठत होते. तरी त्यांनी हात धुऊन क्लॅरिनेट उचललं. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. त्या दिवशी मला प्रथम कळलं की मी इतकी वर्षं लग्नांमध्ये काय ऐकलं नव्हतं.

मास्तर आणि काका यांचं नातं मात्र वेगळंच होतं. मैत्री म्हणावी तर दोघं एकमेकांच्या घरी कधी जात नसत. कार्यक्रम संपला की काका पुढे होत, सलाम करत आणि एकच वाक्य बोलत. ते कौतुकाचं क्वचितच असे. "दुसऱ्या धुनीत ढोल पुढं पळाला." "अंतऱ्यात श्वास लवकर तुटला, मास्तर." एवढं बोलून ते बसच्या रस्त्याला लागत. सुरुवातीला मास्तर चिडत असत म्हणे. पुढेपुढे ते वाद्य पुसत काकांची वाट बघत उभे राहू लागले. युसूफ मला एकदा म्हणाला, "मालक पैसे देतात, लोक टाळ्या देतात. पर पेशकारसाब बोलल्याबिगर चाचांना जेवण जात न्हाय."

आणि मग तेरखेड्याचा कार्यक्रम झाला.

तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. तिथल्या एका कारखानदाराच्या मुलीचं लग्न होतं. दारूकामाच्या धुरात आणि आवाजात बँड वाजत होता. लोक खूश होते. मास्तरांनी नेहमीची पहाडी सुरू केली, ती वर चढली आणि मला तर नेहमीसारखीच सुरेख वाटली. पण पेशकारकाका चालता चालता थांबले. पहिल्यांदाच. बँड त्यांच्या अंगावर आला आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सलाम केला आणि काहीच न बोलता ते निघाले. मास्तर त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

बसमध्ये तासभर ते खिडकीबाहेर बघत होते. तुळजापूर जवळ आल्यावर म्हणाले, "मास्तरांचे पुढचे दात हलायलेत."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं? त्यांनी सांगितलं का?"

"ते कशाला सांगतील? क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकतं, बाई. दात हलला की वरचा सूर हलतो. आज तीन ठिकाणी हलला. धुरामुळं, आवाजामुळं कुणाला कळलं न्हाय."

"मग राहू द्या ना," काकू म्हणाल्या. "कुणाला कळलं नाही तर तुम्ही कशाला सांगता?"

पण पंधरा दिवसांनी एका घरच्या नवसाच्या मिरवणुकीला बँड तुळजापुरात आला, तेव्हा त्यांनी मास्तरांना आणि युसूफला चहाला बोलावलं. मास्तर पहिल्यांदाच घरी आले. काकूंनी रोजच्याच कपबशीत चहा दिला; शेजारच्या बाई त्यावर नंतर दोन दिवस बोलत होत्या. मी खोलीच्या दारात उभी होते. चहाचे दोन घोट झाले. मग काकांनी सरळ सांगितलं.

"मास्तर, दात गेले तुमचे. आणखी चार-सहा महिने निघतील. वरचे सूर आता युसूफला द्या. तुम्ही शिकवा, बसवा, पुढं चाला. पण वरचं त्याला वाजवू द्या."

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा राखेसारखा झाला. "पेशकारसाब, तीस साल ह्या तोंडानं वाजवलं. तुम्ही ऐकणारे. ऐकत जावा. वाजवायचं कुणी, ते मी ठरवीन."

"दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायच्या आधी माझ्या तोंडून ऐकलेलं बरं, म्हणून सांगितलं."

"मेहेरबानी," मास्तर उठले. "आजपासून माझ्या बँडामागं येत जाऊ नका."

युसूफ मान खाली घालून त्यांच्यामागून गेला. काकूंनी कप उचलले. आत जाता जाता त्या म्हणाल्या, "थोडं गोड करून सांगता आलं असतं."

"मग त्यांनी ते गोडच धरलं असतं," काका म्हणाले.

पुढचे सहा महिने शेरवानी पेटीत होती. कंडक्टर बातमी द्यायचे, काका हात वर करून ऐकली असं दाखवायचे आणि कचेरीत जायचे. मला वाटलं, सुटलं एकदाचं वेड. पण एका बाजारच्या दिवशी अणदूरला माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी गेले असताना मी त्यांना पाहिलं. पुढच्या गल्लीतून बँडाचा आवाज येत होता. पेशकारकाका साध्या सदऱ्यात एका वळणावर भिंतीला टेकून उभे होते. बँड वळणावर दिसायच्या आधी ते निघाले आणि पुढच्या वळणावर जाऊन उभे राहिले. मी त्यांना गाठलं.

"तुम्हाला येऊ नका म्हणाले होते ना?"

"मागं येऊ नका म्हणाले. मी मागं कधी होतो?" ते म्हणाले आणि हसले. मग गंभीर झाले. "वाजवताना ऐकणारा असला पायजे, बाई. त्यांना दिसला न्हाय तरी चालतं."

त्याच काळात त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तो मी अजून विसरले नाही. मी शाळेतल्या एका हुशार मुलीचं फार कौतुक करत होते. तिची कविता म्हणण्याची पद्धत, तिचा आवाज. काकांनी विचारलं, "तिला तिच्या चुका किती सांगितल्या?"

मी म्हटलं, "ती लाडकी आहे माझी. तिला कशाला दुखवू?"

"लाडकी आहे, मग तुम्ही न्हाय सांगणार तर कोण सांगणार? ज्याला तिचं काही पडलं न्हाय, तो?"

मी त्या रात्री त्यांच्यावर रागावले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला दोन चुका सांगितल्या. ती रडली. आठवड्यानं त्या दोन्ही चुका गेल्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी तुळजापुरात शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. सकाळची मिरवणूक, पुढे आमच्या मुलींचं लेझीम, मागे बैलगाडीत पाहुणे, जिल्ह्याचे मोठे साहेब, आणि सगळ्यांच्या पुढे इमाममास्तरांचा बँड. कार्यक्रमाचे चिटणीस एक व्यापारी होते. त्यांना बँड नकोच होता. लाउडस्पीकरची नवी गाडी सोलापूरहून त्यांनी आणवली होती, ती मागे तयार उभी होती. जिल्ह्यातली लग्नं एकेक करून लाउडस्पीकरकडे वळत होतीच. इथे सगळ्या गावांची माणसं जमली होती. इथे बँड फसला असता तर पुढच्या हंगामात त्याला कुणी बोलावलं नसतं.

मी मुलींच्या रांगेबरोबर होते. मास्तरांचा चेहरा बघूनच मला बरं वाटेना. गालावर सूज होती. त्यांनी पहिली धून कशीबशी काढली. दुसरीत सूर वर चढला आणि मध्येच फुटला. एक किंकाळीसारखा आवाज आला. मुली लेझीम विसरून बघू लागल्या. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तसंच झालं. गर्दीतून कुणीतरी तोच आवाज तोंडानं काढून दाखवला आणि लोक हसले. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. त्यांच्या ओठावर रक्त होतं. अकरा माणसं रस्त्याच्या मधोमध गप्प उभी राहिली.

चिटणीस पुढे आले. "बास करा हे. बाजूला व्हा. गाडी पुढं घ्या रे, रेकॉर्ड लावा."

"एक मिनिट थांबा," असा आवाज आला.

बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवरून पेशकारकाका उतरत होते. अंगात कचेरीचा साधा कोट. त्यांचे तहसीलदार साहेब समोर बैलगाडीत बसलेले. काकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते चिटणिसांना ओलांडून बँडासमोर आले, चार हातांवर उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीशी बांधले. नजर मात्र मास्तरांवर नव्हती.

"युसूफ," ते म्हणाले, "वरचा तू धर."

युसूफ जागच्या जागी थिजला. तो मास्तरांकडे बघत होता. मास्तर काकांकडे बघत होते. इतक्या लोकांसमोर, ज्याला आपण दूर केलं तो माणूस आपल्या बँडाला हुकूम देतो आहे. मास्तरांनी तिथे त्यांना ढकलून दिलं असतं तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. चिटणीस पुन्हा काही बोलणार, एवढ्यात मास्तरांनी आपलं क्लॅरिनेट बाहीनं पुसलं आणि युसूफच्या हातात दिलं. युसूफचं क्लॅरिनेट त्यांनी बदल्यात स्वतःसाठी घेतलं नाही. ते मागे गेले, झांजवाल्याच्या हातातून झांजा घेतल्या आणि त्याला म्हणाले, "तू चाल नुसता." मग त्यांनी पहिला ठेका स्वतः दिला.

युसूफनं पहाडी सुरू केली. सूर कापरा होता. वरच्या जागी तो दोनदा घसरला. पण तिसऱ्यांदा चढला आणि तिथे टिकला. काका एक पाऊल मागे सरकले. बँड एक पाऊल पुढे आला. मी मुलींना म्हटलं, "लेझीम." सगळ्या मिरवणुकीत काकांनी युसूफवरची नजर काढली नाही आणि मागे झांजांवर मास्तरांनी एकदाही ठेका चुकू दिला नाही. लाउडस्पीकरची गाडी शेवटपर्यंत मुकी मागून आली.

तहसीलदार साहेबांनी दुसऱ्या दिवशी काकांना बोलावून घेतलं. मिरवणुकीत पुढे येऊन अडथळा आणल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. काकांनी तो सुबक मराठीत लिहून दिला. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नव्हतं, असं ते स्वतःच मला अभिमानानं सांगत होते. खुलाशात एवढंच होतं की, बँड थांबला होता, तो सुरू व्हावा म्हणून मी बोललो, आणि बँड सुरू झाला. साहेबांनी कागद वाचला आणि फायलीला लावून टाकला.

आठ दिवसांनी इमाममास्तर एकटेच घरी आले. काकूंनी पाट मांडला. मास्तरांनी तोंड उघडून दाखवलं. पुढचे सगळे दात काढून टाकले होते. मग त्यांनी विचारलं, "बोला पेशकारसाब. त्या दिवशी काही बोलला न्हाय तुम्ही. युसूफचा सूर कसा होता?"

"कच्चा आहे," काका म्हणाले. "अंतऱ्यात घाई करतो. पण दात मजबूत आहेत."

मास्तर हसू लागले. दात नसलेल्या तोंडानं ते इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. काकाही हसत होते. काकूंनी शेवटी विचारलं, "चहा ठेवू का शिरा करू? शिऱ्याला दात लागत नाहीत."

त्यानंतर चार-पाच वर्षं तो बँड जिल्हाभर गाजला. मास्तर झांजा वाजवत आणि शिकवत. युसूफ वर चढे. काका शेरवानीत पुढे असत. कार्यक्रम संपल्यावर आता दोन माणसं त्यांच्या एका वाक्याची वाट बघत उभी असत. माझी बदली नळदुर्गला झाली, पुढे तिथेच मी मुख्याध्यापिका झाले. काका निवृत्त झाले आणि मुलाकडे औरंगाबादला जायचं ठरलं. त्यांना निरोप द्यायला मी तुळजापूरला बसस्टँडवर गेले होते. बस सुटायला अवकाश होता. ते मला म्हणाले, "मुलींना चुका सांगत जा, बाई. टाळ्या कुणीही वाजवतं." काकूंनी माझ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. बस निघाली तेव्हा काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते कंडक्टरला काहीतरी विचारत होते. काय विचारत असतील, ते मला न ऐकता कळलं.

दोन वर्षांनी काकूंचं पत्र आलं. काकूंचं अक्षर नेहमीसारखं, सरळ रेषेत. काका गेले होते. फार आजारी नव्हते; आठ दिवस अंथरुणावर होते. काकूंनी लिहिलं होतं, "समोर कुणाचं तरी लग्न होतं आणि बाजा चालला होता. मी खिडकी लावू लागले तर हातानं राहू दे म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ढोलवाला घाई करतोय. त्यानंतर बोलले नाहीत."

मी पत्र घेऊन मास्तरांकडे गेले. ते घरासमोर खाटेवर बसले होते. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता, म्हणून मी वाचून दाखवलं. आतून युसूफच्या रियाजाचा आवाज येत होता. मास्तरांनी मला ढोलवाल्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली.

"औरंगाबादचा कुठला बँड होता, ते लिहिलं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मास्तरांनी मान हलवली. पत्र माझ्या हातातून घेऊन त्यांनी घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवून त्यावर हात ठेवला.

"करतच असंल," ते म्हणाले. "पेशकारसाब म्हणाले म्हणजे तो घाई करतच असंल."